पुन्हा लाल चेंडूपासून

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ब्रॅंडन माझ्यावरून घसरला. त्याची हनुवटी माझ्या पुढच्या फळीच्या कडेवर आपटली आणि खालचा ओठ फुटला. खोलीत तेव्हा त्याची आई होती, त्याची शिक्षिका होती, विद्यालयाचे प्रमुख असलेले सर होते आणि विद्यापीठाने पाठवलेल्या परीक्षक मॅडम होत्या. परीक्षा चालू होती. परीक्षा ब्रॅंडनची नव्हती, पण घसरला तो.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे तीनच वर्षांची. पण वाढत्या मुलाच्या मापाने केलेल्या खुर्चीला तीन वर्षे पुष्कळ होतात. मालवणच्या किनाऱ्यापासून थोडे आत, एका अध्यापक विद्यालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी राहते. बालवाडीतल्या आणि विशेष मुलांच्या शिक्षिका इथे तयार होतात. अभ्यासक्रम विद्यापीठाचा आहे आणि एका वर्षाचा आहे. आल्यापासून मी या खोलीबाहेर कधी गेलेले नाही. त्यामुळे जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे नुसते ऐकले ते ऐकले म्हणून.

माझे लाकूड फणसाचे. विजेच्या तारांना अडतो म्हणून कोणाच्या तरी परसातला फणस पाडला आणि त्याच्या फळ्या दाजी सुतारांकडे आल्या, असे मी ऐकले. साध्या खुर्चीला एक पाठ असते. मला दोन आहेत. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती मिळतात तशा त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्या कोपऱ्यात मूल बसले की त्याचे खांदे मागे पडत नाहीत. ते पुढे येतात आणि दोन्ही हात समोर, एकमेकांजवळ येतात. समोर कड असलेली एक फळी आहे. तिच्यावर हात ठेवायचे, खेळणी ठेवायची, ताटलीही ठेवायची.

मला घडवून घेतले ते संचिताने. ती या विद्यालयाच्या पहिल्या तुकडीतली. तिला वर्षभर एका मुलाला शिकवायचे होते आणि त्याचा अभ्यास करायचा होता. तिच्या वाट्याला ब्रॅंडन आला. तो तेव्हा तीन वर्षांचा होता. जन्मताना त्याचा श्वास अडकला होता. तेव्हापासून त्याचे स्नायू त्याचे ऐकत नाहीत. त्याला बसता येत नव्हते आणि बोलता येत नव्हते. त्याचे वडील इनास बंदरावर होड्यांची इंजिने दुरुस्त करतात आणि आई वेरोनिका त्याला घेऊन रिक्षाने इथे येते.

संचिताने त्याला चटईवर निजवून त्याची मापे घेतली. पंधरा दिवसांनी मी आले. तिने ब्रॅंडनला उचलून माझ्या कोपऱ्यात ठेवले आणि हळूहळू आपले हात काढून घेतले. तो पडला नाही. त्याने खाली बघितले. फळीवर दोन हात होते. ते आपलेच आहेत हे त्याला कळायला थोडा वेळ लागला असावा, कारण तो बराच वेळ त्यांच्याकडेच बघत राहिला.

"सायबा! बसलो!" वेरोनिका म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

त्या वर्षी ब्रॅंडन लाल चेंडू ओळखायला शिकला. दोन चेंडू समोर ठेवले की तो हात ओढत ओढत नेऊन लाल चेंडू ढकलायचा. संचिताला परीक्षेत पहिला क्रमांक मिळाला. संचिताने काढलेला माझा नकाशा काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला गेला. पाहुणे आले की सर त्यांना आधी माझ्याकडे आणत. "ही आमच्या विद्यार्थिनीने तयार करून घेतलेली. जिल्ह्यात अशी दुसरी नाही." मला त्याचा अभिमान वाटे, हे खोटे कशाला सांगू? मे महिन्यात संचिताला पनवेलला नोकरी लागली. जाताना तिने ब्रॅंडनच्या गालावर गाल टेकवला. ती पुन्हा आली नाही.

सुट्टीत खोली बंद होती. माझ्यावर धूळ बसली आणि फळीखाली पालीने अंडी घातली. मला वाटले होते, जूनमध्ये दार उघडेल आणि जिथे थांबलो तिथून पुढे सुरू होईल.

दार उघडले. दीपिका आली. स्वभावाने प्रेमळ मुलगी. तिच्या हातात नवे पाठ टाचण होते. प्रत्येक शिक्षिकेने मुलाला स्वतः, नव्याने जाणून घ्यायचे, अशी इथली पद्धत आहे. तिच्यामागे चांगला हेतू आहे. दुसऱ्याच्या मतावर विसंबू नये, हा तो हेतू. म्हणून दीपिकाने पिशवीतून दोन चेंडू काढले.

"बाय, तो लाल चेंडू वळाकता गो," वेरोनिका म्हणाली. "संचिताबायन शिकयलेला त्येका."

"काकी, तुमचं बरोबर असेल. पण माझ्या अभ्यासात माझ्यापासूनच सुरुवात दाखवावी लागते."

ब्रॅंडनने पहिल्या आठवड्यात लाल चेंडू ढकलला. दुसऱ्यातही ढकलला. गणपतीची सुट्टी संपेपर्यंत तो चेंडू दिसला की मान फिरवू लागला. दीपिकाने 'लक्ष टिकत नाही' अशी नोंद केली. तिने जे पाहिले तेच लिहिले. दिवाळीनंतर तिने त्याला निळा चेंडू शिकवला आणि मे महिन्यात तिचेही वर्ष संपले.

तिसऱ्या वर्षी किशोरी आली. उंच, सावळी, कमी बोलणारी. वेरोनिका तिला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू खंयची गो?"

"दोडामार्गची."

"म्हणजे गोव्याच्या दारातली. मगे हयसर कित्या इलंस? थंय नोकऱ्यो गावतत मगो."

"भाव माझो रोज जाता गोव्याक. घरात एक पुरे."

वेरोनिका हसली. मग तिने ब्रॅंडनला माझ्यावर बसवले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "आता तूय काढ तुझे चेंडू. दर वर्सा नवीन बाय येता नि माझ्या झिलाक पैल्यापासून सुरू करता. त्येच्या वांगडची पोरा बालवाडीत फुडे गेली. हो आपलो थंयच."

किशोरीने चेंडू काढले नाहीत. ती दोन दिवस भिंतीला टेकून नुसती बसून राहिली आणि मायलेकाकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "काकी, तुमी त्येका 'पानी होया?' म्हणून विचारल्यात, तेव्हा तो वर बगलो. थोड्या येळान तुमी 'आणिक होया?' विचारल्यात, तेव्हा खाली बगलो. ह्या नेहमीचाच?"

"मगे? वर म्हणजे होय, खाली म्हणजे नाय. घरात सगळ्यांका ठावक आसा."

"हय कोणाक सांगलात नाय?"

"हय कोणी इचारल्यान?"

मित्रांनो, दोन वर्षे ब्रॅंडन माझ्यावर बसून उत्तरे देत होता आणि खोलीत जो तो त्याच्या हातांकडे बघत होता. मीही त्यांतलीच.

किशोरीने डोळ्यांवर काम सुरू केले. आधी दोन चित्रे, मग चार. फळीच्या चारी कोपऱ्यांत चित्रे लावायची आणि तो कुठे बघतो ते पाहायचे. पावसाळा संपेपर्यंत तो भूक, झोप, बाहेर आणि पुरे हे सांगू लागला. एकदा सर खोलीत डोकावले आणि व्याख्यानाच्या सुरात काही सांगू लागले, तेव्हा ब्रॅंडनने मान कष्टाने वळवून 'पुरे'च्या चित्राकडे टक लावली. किशोरीच्या तुकडीतल्या मुली तोंड दाबून हसल्या. सरही हसले. "हा बापावर गेलेला दिसतो. तोही मला असाच मध्येच थांबवतो," ते म्हणाले.

या काळात ब्रॅंडन वाढला. त्याच्या अंगात जोर आला. वर बघताना आता त्याची पाठ ताठ व्हायची, पाय लांब व्हायचे आणि सगळे अंग पुढे सरकायचे. ते त्याच्या हातात नव्हते. म्हणून किशोरीने दाजी सुतारांकडून माझ्या बैठकीवर पुढे उंच आणि मागे उतरती अशी एक फळी ठोकून घेतली. वेरोनिकाने घरातली जुनी वाकळ कापून, दुमडून तिच्यावर शिवली. इनासने होडीच्या सामानातला रुंद पट्टा आणून माझ्या दोन्ही बाजूंना पक्का केला. तो कमरेवरून बांधला की ब्रॅंडन पाहिजे तितक्या जोराने 'होय' म्हणू शकत होता. मी बेढब दिसू लागले. वाकळीला दुधाचा वास यायचा. पण मला वाटते, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत कामाचे वर्ष होते.

फेब्रुवारीत ब्रॅंडनच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका शर्मिला बाई त्याला बघायला आल्या. जूनमध्ये तो सहा वर्षांचा होणार होता. त्या माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"काय रे ब्रॅंडन, येतलंस माझ्या शाळेत?"

तो वर बघत राहिला. पट्टा करकरला.

"आणि पोटात दुखता म्हणून घराक पळान जावचा सोंग करतलंस?"

ब्रॅंडन तोंडभर हसला आणि त्याने पुन्हा वर बघितले.

"बघा, आताच कबूल झालो!" बाई म्हणाल्या. मग उठून त्या सरांशी बोलू लागल्या, तेव्हा त्यांची भाषा बदलली. "पहिलीत अकरा मुलं आहेत, हा बारावा. माझी ना नाही. फक्त तो समजतो आणि उत्तर देतो, एवढं तुमच्या विद्यालयाने सहीनिशी लिहून द्या. उद्या कोणी विचारलं तर माझ्या हातात काहीतरी हवं."

"खुर्ची आमी नवीन करून घेव," वेरोनिका घाईने म्हणाली. "ही माका नको. तुमी फक्त लिवन दिया, सर."

सरांचे नाव दत्तप्रसाद. ते वाईट माणूस नाहीत, हे मी तीन वर्षांच्या अनुभवाने सांगते. ते म्हणाले, "देऊ की. आधी परीक्षा आणि समिती होऊन जाऊ दे." एप्रिलच्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी आल्या होत्या. गुरुवारी किशोरीची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि शनिवारी विद्यापीठाची समिती विद्यालयाची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही हे बघायला येणार होती. मान्यता गेली तर या भागातल्या मुलींना हे शिक्षण घ्यायला घाट चढून जावे लागले असते. बऱ्याच जणी गेल्याच नसत्या. सरांना झोप लागत नाही, असे शिपाई म्हणताना मी ऐकले.

परीक्षेचा पाठ कोणता घ्यायचा, यावरून खोलीत बोलाचाली झाली.

"मी डोळ्यांनी निवड करण्याचा पाठ घेते, सर," किशोरी म्हणाली. "तो आता त्यातच पुढे गेलाय."

"किशोरी, ऐक. परीक्षक मॅडम मागच्या बाकावर बसणार. मुलाने डोळे वर केले, हे त्यांना तिथून दिसणार आहे का? त्याने हाताने चेंडू ढकलला तर दिसतं. त्याला हमखास येतं तेच घे. रंगओळख घे."

"ते त्याला तीन वर्षांपासून येतं."

"मग छानच की. चुकणार नाही."

किशोरीने टाचणात 'रंगओळख' लिहिले. तिच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच, असे तिने वेरोनिकाला सांगितलेले मी ऐकले होते. नापास होणे तिला परवडणारे नव्हते.

बुधवारी दुपारी कणकवलीहून पॉलिश करणारा माणूस आला. त्याने ब्रॅंडनला कधी पाहिलेले नव्हते. सरांनी त्याला भिंतीवरची काचेची चौकट दाखवली. "अगदी या नकाशाप्रमाणे दिसली पाहिजे. समितीला वस्तू नकाशाशी जुळताना दिसली पाहिजे." त्याने उतरती फळी उपटून काढली, कारण ती नकाशात नव्हती. पट्टा कापला, कारण तोही नव्हता. वाकळ बाहेर टाकली. भोके बुजवली, मला घासले आणि दोन हात पॉलिश दिले. मी पहिल्या दिवशी होते तशी झाले. पहिल्या दिवशी ब्रॅंडन तीन वर्षांचा होता आणि त्याच्या अंगात जोर नव्हता. सरांनी माझी काळजी घेतली ती अशी, मित्रांनो. मनापासून घेतली.

गुरुवारी सकाळी वेरोनिका ब्रॅंडनला कडेवर घेऊन आत आली आणि दारातच थांबली. "ह्या काय केल्यात?"

किशोरीने माझ्या बैठकीवरून हात फिरवला. हात सरकन पुढे गेला. "सर, वाकळ आणि पट्टा कुठे आहे?"

"नंतर बघू. मॅडम चहा संपवून येतच आहेत."

"याच्यावर तो राहणार नाही."

"अगं, याच खुर्चीवर तीन वर्षं बसलाय ना? दहा मिनिटांचा पाठ आहे."

किशोरीने ओढणी काढली, तिची चौपदरी घडी केली आणि ब्रॅंडनखाली घातली. तेवढेच तिच्या हातात होते. परीक्षक मॅडम मागच्या बाकावर बसल्या. पाठ सुरू झाला.

तिने दोन चेंडू ठेवले. "ब्रॅंडन, लाल चेंडू कोणता?"

ब्रॅंडनने मान फिरवली.

तिने पुन्हा विचारले. त्याने मान तशीच ठेवली. मागे कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. सर भिंतीशी उभे राहून बोटांनी खूण करत होते, हात धर, हात धरून दाखव. किशोरीने त्याचा हात धरला नाही. तिने दोन्ही चेंडू उचलून पिशवीत टाकले, त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "तुका ह्येचो कंटाळो इलो?"

ब्रॅंडनने वर बघितले. इतक्या जोराने त्याने कधीच वर बघितले नव्हते. त्याची मान मागे गेली, पाठ ताठ झाली, पाय लांब झाले आणि पॉलिशवरून ओढणीसकट तो फळीखाली गेला. किशोरीने झेप घेतली, पण हनुवटी आपटायची ती आपटली.

वेरोनिकाने त्याला उचलून छातीशी धरले. तिच्या झग्यावर रक्त लागले. परीक्षक मॅडम पुढे आल्या. ओठ बघून झाल्यावर त्यांनी किशोरीला विचारले, "पडायच्या आधी त्याने काय केलं?"

"उत्तर दिलं, मॅडम."

"मला वाटलं, त्याला झटका आला."

"झटका नाही. तो हो म्हणाला."

मॅडम ब्रॅंडनकडे बघत राहिल्या. "पुन्हा विचारून दाखवाल?"

किशोरी वेरोनिकाकडे वळली. वेरोनिका म्हणाली, "आज नाय. त्येच्या तोंडातसून रगात येता हा. माझो झील कोणाक दाखवक हाडलंय नाय मी."

मॅडमनी मान हलवली. जाताना त्या सरांना म्हणाल्या, "मी जे पाहिलं ते लिहीन. पण मी नक्की काय पाहिलं, ते आधी मला ठरवावं लागेल."

पुढचे काही मी पाहिले, काही तुकड्यातुकड्यांनी ऐकले. शनिवारी समिती आली. माझ्यासमोर उभी राहिली, नकाशा बघितला, मला बघितले आणि समाधान व्यक्त करून गेली. मान्यता मिळाली. ब्रॅंडनच्या ओठाला टाके पडले नाहीत, पण तो आठवडाभर नीट जेवला नाही. किशोरीचा निकाल राखून ठेवला आहे. सरांनी शाळेसाठी मजकूर तयार केला. 'बैठक स्थिर नाही, विचारलेल्या प्रश्नाला अपेक्षित प्रतिसाद नाही, आणखी एक वर्ष केंद्रात मार्गदर्शन योग्य.' तो त्यांनी इथेच किशोरीला वाचून दाखवला.

"सर, आणखी एक वर्ष म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"पोरगं परीक्षकांसमोर पडलंय, किशोरी. आता ते बसू शकतं असं मी लिहू आणि शाळेत पुन्हा पडलं तर?"

"तो पडला, पण बसता येत नाही म्हणून नाही."

सर माझ्या चकचकीत बैठकीकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. त्यांना कळले असावे असे मला वाटते, पण हे माझे वाटणे आहे. त्यांनी त्या मजकुरावर अजून सही केलेली नाही. तो फाडलेलाही नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मी तसे सांगणार नाही. माझे पॉलिश अजून चकचकीत आहे, माझ्यावर एक ओरखडा नाही, आणि माझ्यावर कोणी बसत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षक झाले, तर माझ्यासारख्या खुर्चीला खुशाल खिळे मारा, कापा, तिच्यावर जुन्या वाकळी शिवा. पण त्याआधी बसणाऱ्याला बघा. त्याला काय येते ते त्याच्या आईला विचारा, मागच्या वर्षीच्या बाईंना विचारा, आणि जमले तर त्यालाच विचारा. मग तो उत्तर देईपर्यंत थांबा.

आज शुक्रवार आहे, जून महिना. मॅडमचा अभिप्राय विद्यापीठातून आल्याचे दुपारी शिपायाने सरांना सांगितले. त्यात काय आहे ते मला माहीत नाही. नंतर सरांनी नव्या तुकडीतल्या एका मुलीला ही खोली दाखवली. तिने माझ्या फळीवरून बोट फिरवले आणि विचारले, "सर, मला अभ्यासाला कोणतं मूल मिळणार?"

सरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितले. मग म्हणाले, "सोमवारी सांगतो."

ब्रॅंडनच्या गावची शाळाही सोमवारीच सुरू होते.